ओंडक्याला टीपी, मग रस्त्याला का नाही?

परवा बऱ्याच दिवसांनी आलापल्लीला जाऊन आलो. नागपूरहून एसटीनेच गेलो. गाडी चालवायचा कंटाळा हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या रस्त्यावर आपली छोटी गाडी घालायची हिंमत होत नाही. आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली सुरू होतो. लहानपणी या पुलावर आलं की आई म्हणायची, "चला, आलं घर." घर अजून तासभर लांब असायचं. पण इथून जंगल सुरू व्हायचं, म्हणून ते घरच.

आता इथून सुरू होते ती लाल धूळ. सागाचं पान मोठं आणि खरखरीत असतं, धूळ धरून ठेवतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पहिली दोन-तीन ओळ झाडं विटकरी दिसतात, आणि त्यांच्या मागे खरा हिरवा रंग. पाऊस पडला की धुतली जातात, पुन्हा चार दिवसांत लाल. ही धूळ सुरजागडच्या लोहखनिजाची आणि खनिज वाहणाऱ्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याची. कोणती किती, ते वेगळं काढणं कठीण आहे.

आलापल्लीच्या मुख्य चौकात उतरलो. ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथून एक रस्ता अहेरीला, एक आष्टी-चंद्रपूरकडे, एक एटापल्लीला, एक भामरागड-हेमलकसाकडे आणि एक सिरोंच्याला जातो. दक्षिण गडचिरोलीत कुठेही जायचं तर बहुतेक वेळा या चौकातूनच जावं लागतं. बाजार, दवाखाना, शाळा, कोर्ट, सगळ्यांची वाट हीच. आणि एटापल्लीकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांचीही वाट हीच.

चौकातल्या एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मावशी मला लहानपणापासून ओळखतात. कप धुऊन उलटे मांडलेले होते, आणि वरून फडकं झाकलेलं. मी फडक्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, "झाकलं नाही तं च्या आंधी धूळ प्या लागते, बाबू. पुसून पुसून हात दुखून रायले." मी जरा तावातावाने ट्रकांबद्दल बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं नोको बोलू. पोराचा टरक लागला हाये त्याच लाईनीवर. हप्ता हाये."

माझी बोलतीच बंद झाली.

त्यानंतर परतीच्या प्रवासात आणि नागपूरला आल्यावरही हेच डोक्यात घोळत राहिलं. एकाच घरात धूळ पुसणारी आई आणि धूळ उडवणारा मुलगा. दोघंही कष्टाचं खाणारी. मग चूक कुणाची? की चूक अशा ठिकाणी आहे जिथे आपण कधी पाहतच नाही? मला वाटतं, ती आहे रस्त्याच्या किमतीत. किंवा असं म्हणू या, रस्त्याला किंमतच नसण्यात.

थोडं मागे जातो. माझे वडील वनखात्यात कारकून होते. काही वर्षं त्यांची ड्यूटी तपासणी नाक्यावर होती. आडवा बांबू, शेजारी कौलारू खोली, खोलीत कंदील आणि एक जाडजूड रजिस्टर. लाकडाचा ट्रक आला की थांबायचा. ड्रायव्हर टीपी दाखवायचा, म्हणजे वाहतूक परवाना. त्यावर गाडीचा नंबर, ओंडके किती, घनमीटर किती, कोणत्या कूपातला माल, कुठून कुठे, कोणत्या वाटेने आणि किती तारखेपर्यंत हे सगळं लिहिलेलं. ओंडक्यावर हातोड्याची खूण असायची, ती जुळवायची. मग रजिस्टरात नोंद, सही, आणि बांबू वर. आलापल्लीचा साग बल्लारशाच्या डेपोपर्यंत जायचा तो असा मोजून-मापून. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून जे सागवान गेलं, ते याच जंगलांतलं. त्यालाही ही कागदपत्रं चुकली नाहीत.

एखाद्या आदिवासी बाप्याने घराच्या आढ्यासाठी एक वासा आणला, तरी त्याला विचारणारं कुणीतरी असायचं. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्या नाक्यावर गरिबांना त्रासही झालेला आहे. मुद्दा एवढाच, की जंगलातून काय बाहेर जातं, किती जातं आणि कोणत्या वाटेने जातं हे मोजायची सवय या भागाला फार जुनी आहे. लाकूड ही मौल्यवान गोष्ट आहे हे सरकारला पटलेलं होतं, म्हणून ते मोजलं. ज्या रस्त्यावरून ते गेलं, तो रस्ता मात्र कुणी मोजला नाही. तो आपला होताच.

तेव्हा ते चाललंही. दिवसाला लाकडाचे, बांबूचे, हंगामात तेंदूपत्त्याचे असे मोजके ट्रक. जंगलातून ओंडके ओढायला कमलापूरचे हत्ती. रस्ता पावसाळ्यात खचायचा, उन्हाळ्यात डागडुजी व्हायची. आता हिशेबच बदलला आहे.

आकडे बघा. सुरजागडच्या खाणपट्ट्याला २००७ मध्ये मंजुरी मिळाली. मधली बरीच वर्षं नक्षलवादी हिंसेत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे एकाच दिवशी कितीतरी वाहनं जाळली गेली. खाण खऱ्या अर्थाने जोरात सुरू झाली ती २०२१ मध्ये. २०२३ मध्ये पर्यावरण मंजुरीतली मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. आता शाळेतल्यासारखं गणित करू. १ कोटी टन माल सगळा ट्रकने न्यायचा ठरवला आणि एका ट्रकात २५ टन धरले, तर वर्षाला ४ लाख खेपा होतात. दिवसाला सुमारे ११०० भरलेले ट्रक, आणि तेवढेच रिकामे परत. म्हणजे चोवीस तास, दिवसरात्र, दर चाळीस सेकंदांना एक ट्रक. प्रत्यक्षात सगळा माल ट्रकने जात नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच. पण ज्या मंजुरीवर सही होते तिचा रस्त्याच्या भाषेतला अर्थ काय, ते यावरून कळतं.

दुसरा हिशेब वजनाचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून सतत ट्रक फिरवले आणि रस्ता कशाने किती झिजतो ते पाहिलं. त्यातून एक ढोबळ नियम निघाला, जो जगभरचे अभियंते अजून वापरतात. रस्त्याची झीज वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ती एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आसावर, येणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं तर झीज सोळापट. आपल्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन धरा, भरलेल्या ट्रकच्या एका आसावर १० टन. वीसपट वजन. वीसचा चौथा घात करा: १ लाख ६० हजार. म्हणजे ट्रकचा एक आस रस्त्याचं जेवढं नुकसान करतो, तेवढं करायला मोटारीच्या आसाला दीड लाखाहून जास्त वेळा जावं लागेल.

आणि आपल्याकडे काय झालं? जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसाला पूर्वी १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले. वाढ तेरा टक्क्यांच्या आतच दिसते. चौथा घात केला तर झीज साठ टक्क्यांहून जास्त वाढते. हा तर कायद्यातला भार. कायद्याबाहेरचा भार आपण सगळे डोळ्यांनी पाहतोच.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकवाला डिझेलवर कर भरतो, रोड टॅक्स भरतो, परमिटचे पैसे भरतो, मग आणखी काय हवं? बरोबर आहे. पण डिझेलवरचा कर लिटरवर असतो. भरलेला ट्रक मोटारीपेक्षा काहीपट डिझेल जाळतो, लाखपट नाही. शिवाय लिटरला तोच कर समृद्धी महामार्गावरही आणि आलापल्लीच्या जंगलातल्या अरुंद रस्त्यावरही. कोणता रस्ता किती सोसू शकतो, कोणत्या वेळी त्यावर शाळेची पोरं सायकलवर असतात, हे डिझेलला कसं कळणार?

रस्ता वापरण्याची किंमत लावायची ही कल्पना नवी नाही. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी येणाऱ्या गाड्यांना परवाना लावला आणि १९९८ पासून तो इलेक्ट्रॉनिक केला. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये दिवसाला ५ पौंड आकारायला सुरुवात केली. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी सात महिने करून पाहिलं, गर्दी सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाली, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून कायम केलं. पण ही सगळी शहरांची उदाहरणं. आलापल्लीत गर्दीचा प्रश्न नाही, भाराचा आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण स्वित्झर्लंडचं. डोंगरातला लहानसा देश, आणि इटली-जर्मनीचा माल त्यांच्या दऱ्याखोऱ्यांतल्या गावांतून जायचा. आलापल्लीचंच दुःख, फक्त बर्फातलं! त्यांनी १९९८ मध्ये सार्वमत घेतलं आणि १ जानेवारी २००१ पासून साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीवर देशातल्या सगळ्या रस्त्यांवर आकार लावला. तीन गोष्टींवर: किती किलोमीटर, किती टन आणि धूर किती. पैशांचा साधारण एक तृतीयांश वाटा त्यांच्या प्रांतांना मिळतो, उरलेला मुख्यतः रेल्वेच्या कामांना गेला. आल्प्सचे लांबलचक बोगदे त्यातून उभे राहायला मदत झाली. २००० साली आल्प्स ओलांडणारे ट्रक वर्षाला सुमारे १४ लाख होते. पुढच्या वीस वर्षांत ते ९ लाखांच्या आसपास आले. श्रेय एकट्या आकाराचं नाही, रेल्वेचंही आहे. पण रेल्वेला पैसा आकारानेच दिला, हे विसरून चालणार नाही.

आणि आपल्याकडे? "टोल" हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रात माणूस चिडतो. चिडायला कारण आहे. कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटलांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस शहरातला टोल रद्द करून घेतला. त्याच वर्षी जूनपासून राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटीला सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दरवेळी लोकांनी पेढे वाटले. मीही त्या वेळी खूश झालो होतो.

आता वाटतं, आपण ज्याच्याशी भांडलो ती रस्त्याची किंमत नव्हतीच. ती ठेकेदाराची वसुली होती. रस्ता बांधायला इतके कोटी लागले, ते इतक्या वर्षांत जमेल त्याच्याकडून काढायचे. किती वसूल झाले ते कुणाला नीट कळायचं नाही, म्हणून लोक संतापले. त्या आकाराने रस्ता कमी झिजावा, ट्रकाऐवजी रेल्वे वापरावी, असा हेतूच नव्हता. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींसाठी ३००० रुपयांत २०० खेपांचा वार्षिक पास आला. जितकं जास्त फिराल तितकं स्वस्त! किंमत लावण्याच्या बरोबर उलटी दिशा.

गंमत म्हणजे किंमत लावायची ही विद्या आपल्या वनखात्याला चांगली येते. इथून जवळच ताडोबा आहे. तिथे एका फेरीला किती जिप्सी आत जाणार हे ठरलेलं असतं, आणि शनिवार-रविवारी सफारी जास्त महाग असते. गर्दीच्या वेळी जास्त पैसे, आणि जंगलाला झेपेल तेवढ्याच गाड्या. लंडनने केलं ते यापेक्षा फार वेगळं नाही. म्हणजे वाघ बघायला जाणाऱ्याच्या चाकांचा हिशेब आपण ठेवतो. वाघाच्याच जंगलातून खनिज नेणाऱ्या चाकांचा ठेवत नाही.

खाणीकडून सरकारला काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि भरपूर मिळतं. लोहखनिजावर किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन आहे. शिवाय २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम तिथे भरावी लागते. हा पैसा बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी आणि काही भाग रस्त्यांसाठी असतो. उत्तम तरतूद आहे. पण तिच्यात एक गोम आहे. हे सगळं टनावर आहे, टन-किलोमीटरवर नाही. खनिज ट्रकने न्या, रेल्वेने न्या नाहीतर नळाने न्या, जेवढं भरायचं तेवढंच. गावातून न्या की गावाबाहेरून, दुपारी दोनला न्या की शाळा सुटायच्या वेळेला, एक पैशाचा फरक नाही. मग कमी त्रासाची वाट निवडायचं कारण काय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खनिजाला रस्त्याचा टीपी लावा. खाणीतून निघणारा प्रत्येक ट्रक तसाही काट्यावर वजन होऊन, वाहतूक पास घेऊनच निघतो. किती टन, कुठून कुठे, सगळं त्यात आहे. नवा टोलनाका नको, नवा ठेकेदार तर मुळीच नको. त्याच पासावर टन गुणिले किलोमीटर असा आकार लावायचा. समजा टनाला किलोमीटरमागे १ रुपया ठेवला. शंभर किलोमीटरच्या वाटेला टनामागे १०० रुपये होतात. १ कोटी टन गेले तर वर्षाला १०० कोटी. खनिजाची किंमत टनाला काही हजार रुपये असते, तिच्यापुढे हे फार नाही. खाण बंद पडणार नाही. पण ट्रकच्या भाड्यापुढे ते जाणवेल, आणि तिथेच ते जाणवायला हवं. शाळेच्या वेळी तिप्पट, रात्री गावाच्या हद्दीत मर्यादा, जास्त आस असलेल्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना सवलत, हे सगळं पुढचं.

आता मावशींच्या पोराचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. आकार ट्रकवाल्यावर लावला तर तो त्याच्या हप्त्यातून जाईल. तो भरण्यासाठी तो आणखी दोन टन जास्त घालेल, आणखी एक खेप जास्त मारेल, कमी झोपेल. रस्ता आणखी झिजेल आणि अपघात वाढतील. म्हणून आकार भरायचा तो माल पाठवणाऱ्याने, खाणीच्या काट्यावरच, ट्रक सुटायच्या आधी. ट्रकवाल्याच्या भाड्याला हात लावायचा नाही. आणि पासावर मर्यादेपेक्षा जास्त वजन दिसलं तर दंडही पाठवणाऱ्यालाच. भरून दिलं त्याने, ड्रायव्हरने नाही.

तरी खेपा कमी झाल्या तर काही ट्रक कमी लागतीलच. हे मी लपवत नाही. खरं तर ते होऊच लागलं आहे. २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. खनिज बारीक दळून, पाण्यात कालवून नळातून न्यायचं. मोठ्या ढेकळांचा माल नळातून जाणार नाही, पण भुकटीचा जाईल. तेवढे ट्रक कमी. रस्त्याला दिलासा, आणि ट्रकवाल्याच्या पोटात गोळा. नळवाहिनी कंपनीने स्वतःच्या हिशेबाने घातली, रस्त्याच्या आकारामुळे नाही. पण त्यामुळे एक गोष्ट समजते. बदल होणारच आहे. आकार असता तर तो आधी झाला असता, आणि त्या पैशातून ज्यांचे ट्रक बसले त्यांना दुसरं काही उभं करून देता आलं असतं. आज त्यांच्या वाट्याला काय आहे? बँकेचा हप्ता.

नळवाहिनीवरून आणखी एक सुचलं. नळाला पाणी लागतं. रस्त्याला किंमत लावली आणि पाणी फुकट ठेवलं तर भार रस्त्यावरून उठून नदीवर जाऊन बसेल. एकाच गोष्टीला किंमत लावून भागत नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं.

तिसरी शंका सगळ्यांत जुनी. पैसे गोळा होतील, पण आलापल्लीला काय मिळेल? मुंबईत जातील आणि तिथेच विरतील. लंडनच्या कायद्यात हे पैसे वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन घातलं गेलं. स्वित्झर्लंडने वाटे आधी ठरवून मग लोकांना मत विचारलं. आपल्यालाही तेच करावं लागेल. आधी वाटा लिहून द्या, मग आकार लावा. माझ्या मते पहिला वाटा त्या वाटेवरच्या रस्त्यांचा. दुसरा अहेरी आगाराच्या एसटीचा, कारण भामरागड, सिरोंचा, एटापल्लीच्या आतल्या गावांना तीच एक गाडी आहे. तिसरा वडशाहून गडचिरोलीला येऊ घातलेल्या रेल्वेसारख्या कामांचा. आणि गोळा किती झाले, खर्च कुठे झाले, याचा फळा ग्रामपंचायतीबाहेर, दर महिन्याला. वडिलांच्या नाक्यावरचं रजिस्टर निदान उघडं तरी असायचं.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवेगाव मोर ते कोनसरी, मुलचेरा, हेडरीमार्गे सुरजागड अशा चौपदरी रस्त्याला मान्यता दिली आहे. खनिजाची वाहतूक गावांबाहेरून जावी म्हणून. चांगलं आहे, आलापल्लीच्या चौकाला उसंत मिळेल. पण हा रस्ता कुणासाठी आणि तो झिजेल तेव्हा दुरुस्त कुणी करायचा, हे बांधायच्या आधीच ठरायला हवं. नाहीतर आणखी जंगल तोडून आणखी एक फुकट रस्ता होईल, आणि फुकट रस्ता भरायला वेळ लागत नाही.

शेवटची शंका मला स्वतःलाच पडते. किंमत लावली म्हणजे नुकसान करायचा परवाना दिला, असं तर होणार नाही ना? "पैसे भरलेत, आता उडवू धूळ." होऊ शकतं. रस्ता, डांबर, खडी यांची किंमत करता येते. सायकलवरून शाळेत निघालेल्या पोरीच्या जिवाची करता येत नाही. तिथे आकार चालणार नाही, तिथे बंदीच हवी: वेळेची, वेगाची, गावाच्या हद्दीची. आणि ग्रामसभा "नाही" म्हणाली तर ते "नाही" पैशाने "हो" होऊ नये. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे हक्क मिळवून दाखवले आहेत. वाटेच्या बाबतीतही त्यांना बोलू द्यावं. आकार हा बंदीच्या जागी नाही. बंदीनंतर जे उरतं, त्याच्यासाठी आहे.

परत येताना पुन्हा एसटी. चौकातून गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर थांबली. समोरून ट्रकांची रांग येत होती, ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. बाजूला आलापल्लीचा बाजार करून निघालेली माणसं, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पायाशी तेलाचा डबा. कंडक्टर तिकिटं काढत होता.

मला आठवलं, एसटीच्या तिकिटावर महामंडळ वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरत आलं आहे. म्हणजे या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस रस्त्याचे पैसे मोजून भरत आला. कोंबडीवालाही, तेलाचा डबावालाही. माणशी, तिकिटावर, किलोमीटरच्या हिशेबाने. रस्त्याचा आकार आपल्याकडे नाही असं मी वर लिहिलं, ते चूकच म्हणायचं. आहे, पण तो जी गाडी पन्नास माणसं एकत्र नेते आणि ट्रकांच्या मानाने रस्ता कमी झिजवते तिच्यावर आहे. समोरून येणाऱ्या रांगेवर नाही.

ट्रक मोजावेत असं मनात आलं. अकरापर्यंत मोजले, मग धुळीने खिडकी लावून घ्यावी लागली.